शेळीच्या दुधाचं चीज, थर्मामीटर न वापरता जमेल का?

रोज शेळीचं दूध उरतं, त्याचं साधं चीज करायचंय. रेनेट (दूध घट्ट बसवणारं एन्झाइम) नाही, थर्मामीटर नाही, फक्त पातेलं, चाळणी आणि कापड. लिंबू पिळलं की दूध फाटतं पण कण इतके बारीक की अर्धे कापडातून निघून जातात. काय करू?

— अहो शेळीच्या दुधाचे कण नाजूकच असतात, गाईच्या दुधातलं एक केसिन (दुधातलं प्रथिन) त्यात कमी असतं म्हणून घट्ट बसत नाही. कडेला बारीक बुडबुडे येऊन वाफ निघायला लागली की गॅस बंद करा, लिटरला 2-3 मोठे चमचे रस थोडा थोडा घाला, एकदाच हलकं ढवळा आणि मग 10-15 मिनिटं झाकून ठेवा, हात लावायचाच नाही. निवळी हिरवट दिसली की गाळा. कापड दुहेरी घ्या, पिळू नका, नुसतं टांगा.

— मला ताकाचं जास्त आवडतं. कोमट दुधात ताजं ताक, रात्रभर विरजण, मग टांगून मीठ. एकदम मऊ, पसरवता येतं.

— कच्चं दूध मात्र नको प्लीज, ब्रुसेलोसिसचा (कच्च्या दुधातून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार) धोका खरा आहे. पाश्चरायझेशनला 72 अंशांवर 15 सेकंद लागतात, थर्मामीटर नसेल तर ताकाच्या चीजसाठी सरळ उकळून मग कोमट करा.