मदत हवी आहे: ग्लुकोज सेन्सरचा करंट टिकत नाहीये

एमएस्सी प्रोजेक्टसाठी स्क्रीन प्रिंटेड कार्बन इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम) बसवलंय, ग्लुटराल्डिहाइड (एन्झाइम जागेवर बांधून ठेवणारं रसायन) वापरून. आधी प्लॅटिनमवर ०.६ व्होल्टला हायड्रोजन पेरॉक्साइड मोजत होतो पण व्हिटॅमिन सी आणि युरिक अ‍ॅसिडपण तिथेच करंट देतात, नॅफिऑनच्या (असे ऋणभारित रेणू अडवणारं पॉलिमर) थराने थोडाच फरक पडला, म्हणून आता कार्बनवर प्रशियन ब्लू (कमी व्होल्टेजलाच पेरॉक्साइड मोजू देणारं निळं लोहसंयुग) लावून शून्य व्होल्टच्या आसपास आलो. तो त्रास गेला, पण रक्ताइतक्या, म्हणजे ७.४ पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वीसेक रीडिंगनंतर करंट निम्मा होतो, ६ पीएचला मात्र टिकतो. म्हणजे एन्झाइम नाही, निळा थरच विरघळतोय बहुतेक. रक्ताचा पीएच तर बदलता येत नाही ना! रक्त अजून वापरलं नाहीये, फक्त बफर. प्लॅटिनम परत परवडणार नाही. वरून निकेल हेक्झासायनोफेरेटचा (प्रशियन ब्लूसारखंच, पण निकेलचं संयुग) थर कोणी देऊन बघितलाय का, की सरळ फेरोसीन मेडिएटरकडे (एन्झाइमकडून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन नेणारं संयुग) वळू?