मदत हवी आहे: केव्ही कॅशे ४ बिटवर आणल्यावर विक्रीपत्रांतील आकडे बदलतात

नमस्कार,

नागपुरात जमिनीच्या व्यवहारांची कामे पाहणाऱ्या एका वकिली कार्यालयासाठी मी भाषा-मॉडेल चालवतो. विक्रीपत्रे, सातबारे आणि फेरफार यांतून खसरा क्रमांक, क्षेत्र आणि हिस्सेदारांची नावे काढून देणे एवढेच त्याचे काम आहे. पक्षकारांची कागदपत्रे कार्यालयाबाहेर जाऊ द्यायची नाहीत असे पहिल्यापासून ठरलेले असल्यामुळे सगळे २४ जीबीच्या एकाच जीपीयूवर बसवावे लागते.

मॉडेल लामा ३.१ मधील ८ अब्ज पॅरामीटरचे असून ते लामा.सीपीपी या मॉडेल चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर १६ बिटमध्ये चालते. वजनांनाच, म्हणजे मॉडेलने शिकलेल्या आकड्यांनाच, सुमारे १६ जीबी लागतात. उरलेली जागा केव्ही कॅशेला मिळते, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक टोकनसाठी (शब्दाच्या तुकड्यासाठी) साठवलेल्या ‘की’ (कुठे लक्ष द्यायचे ते ठरवणारी मूल्ये) आणि व्हॅल्यू (तिथून उचलायचा आशय) यांना. ३२ लेयर, प्रत्येकीत ८ केव्ही हेड आणि हेडची लांबी १२८, म्हणजे ‘की’ आणि व्हॅल्यू मिळून एका टोकनला १२८ केबी. ३२ हजार टोकनांची एक फाइल उघडली की ४ जीबी गेले. देवनागरी मजकुराचे टोकन इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे अनेक वारसांच्या जुन्या फाइली ही मर्यादा सहज गाठतात, आणि दोन-तीन जण एकाच वेळी कामाला बसले की जागा पुरत नाही.

म्हणून फ्लॅश अटेन्शन (अटेन्शनचे गणित कमी जागेत करण्याची सोय) सुरू करून ‘की’ आणि व्हॅल्यू दोन्ही क्यू४_० या ४ बिटच्या साठवणीवर आणले. जागा सव्वा जीबीच्या आत आली आणि भाषाही पूर्वीइतकीच शुद्ध राहिली, पण लांब फाइलींमध्ये आकडे सरकू लागले. विक्रीपत्रात ‘१ हेक्टर ४२ आर’ असे स्पष्ट लिहिलेले असताना उत्तरात ‘१ हेक्टर २४ आर’ आले, आणि एका हिस्सेदाराचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावापुढे गेले. तीच फाइल आणि तोच प्रश्न, टेम्परेचर शून्य ठेवून (म्हणजे शब्दनिवडीतील यदृच्छा काढून), १६ बिट कॅशेवर दिला की उत्तर बरोबर येते. जमिनीच्या कागदात असा एक आकडा चुकला तर पुढचा सगळा व्यवहार अडकतो, म्हणून सरासरी परप्लेक्सिटी (पुढचा शब्द ओळखण्यातील चुकीचे माप) फारशी वाढत नाही एवढ्याने माझे समाधान होत नाही.

स्नॅपकेव्हीसारख्या, टोकनच वगळणाऱ्या पद्धती मी बाजूला ठेवल्या आहेत. मॉडेलला दिलेल्या मजकुराच्या (प्रॉम्प्टच्या) शेवटच्या भागाचे लक्ष ज्या टोकनांवर आहे, तेवढीच टोकन स्नॅपकेव्ही राखते. आमच्याकडे एकाच फाइलवर एकामागून एक प्रश्न येतात, आणि दुसऱ्या प्रश्नाला लागणारी ओळ पहिल्याच्या वेळीच टाकून दिलेली असू शकते.

तेव्हा ‘की’ आणि व्हॅल्यू यांना वेगवेगळे बिट द्यावेत का, आणि दिल्यास जास्त कोणाला? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपल्या वर्णनावरून संशय ‘की’वरच जातो. ‘की’च्या ठरावीक मोजक्या चॅनलमधील (मूल्यांच्या यादीतील ठरावीक स्थानांवरील) मूल्ये जवळपास प्रत्येक टोकनमध्ये इतरांपेक्षा फार मोठी असतात, आणि क्यू४_० मध्ये एका टोकनच्या सलग ३२ मूल्यांना एकच स्केल (मोजपट्टी) लागते; त्यामुळे गटात असे एक मोठे मूल्य आले की उरलेली ३१ मोजक्या पायऱ्यांत दाबली जातात. ‘की’तील चूक सॉफ्टमॅक्समधून (कोणत्या टोकनला किती लक्ष द्यायचे ते ठरवणाऱ्या पायरीतून) जाताना वाढते आणि लक्ष भलत्याच ओळीवर जाते, तर व्हॅल्यूंची भारित बेरीज होत असल्याने त्यांतील चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. २०२४ च्या ‘किवी’ पद्धतीत ‘की’ चॅनलनुसार आणि व्हॅल्यू टोकननुसार क्वांटाइझ करतात (कमी बिटांत बसवतात), त्यामागे ‘की’चा हाच स्वभाव आहे. आपण ‘की’ क्यू८_० (८ बिट) आणि व्हॅल्यू क्यू४_० ठेवून पाहा. ३२ हजार टोकनांना सुमारे १.६ जीबी लागतील.

मात्र मी आधी वजनांकडे वळलो असतो. ती क्यू८_० केली की १६ ऐवजी साधारण ८.५ जीबी लागतात आणि गुणवत्तेत सहसा नगण्य फरक पडतो. मग दोन्ही कॅशे क्यू८_० वर ठेवून प्रत्येक फाइलला सुमारे २.१ जीबी दिले तरी चार जणांचे काम निभेल. चाचणी मात्र आपल्याच तपासून झालेल्या जुन्या फाइलींवर घ्या, खसरा क्रमांक व क्षेत्र हे रकाने मूळ कागदाशी अंकन्‌अंक जुळवा, आणि आकडा फाइलच्या सुरुवातीला, मध्यावर व शेवटी असतानाचे निकाल वेगवेगळे नोंदवा.