म्हणे एकच कंपनी असली की दर्जा टिकतो!

मिसिसॉगाकर:
काल इथे एकाने लिहिलं, "१९९०-९१ला पाच-सहा कंपन्या घुसल्या आणि आइस हॉकी खेळाडूंच्या संग्राह्य कार्डांची रद्दी झाली. २००५पासून एकाच कंपनीकडे एनएचएल लीगची कार्डं छापायचं लायसन्स आहे तेच बरं." वाचता वाचता चहा गार झाला. अहो, त्याआधी काय होतं? ओ-पी-ची कंपनी! राखाडी पुठ्ठा, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, नशिबात असेल तर च्युइंगमचा डाग फुकट. १९९०-९१ला अप्पर डेक उतरली ती पांढराशुभ्र कागद, मागेही रंगीत फोटो आणि होलोग्राम घेऊन. बाकीच्यांना झक मारत सुधारावं लागलं. आज जी एकटी बसलीय ती हीच अप्पर डेक, स्पर्धेतूनच वर आली, हे सोयीस्कर विसरायचं? आणि मधे पनिनी ही दुसरी कंपनी २०१०ला आली, तेव्हा काय आभाळ कोसळलं?

गोठलेला सातारकर:
तो 'एक' मीच, नाव घ्यायला जीभ झडते का? तेव्हाची प्रो सेट कंपनी आठवतेय? चुकाच चुका, मग दुरुस्त केलेली कार्डं, आणि छापलं इतकं की बंद बॉक्सलाही कुणी विचारत नाही. उलट अप्पर डेकचा 'द कप' हा महागडा संच निघाला कधी? २००५-०६, मक्तेदारीच्या पहिल्याच वर्षी. खेळाडू सिडनी क्रॉस्बीचं, सही आणि जर्सीचा तुकडा लावलेलं कार्ड, फक्त ९९ प्रती. बोला.

मिसिसॉगाकर:
'द कप' मान्य, मालक. पोरांनी तो घ्यायला किडनी विकायची का, तेवढं सांगा.

पक्या_४१६:
ओ-पी-चीला नावं ठेवू नका. मागे इंग्रजी-फ्रेंच दोन्ही असायचं, त्यावर मी आठवीत फ्रेंच काढलं. आणि स्पर्धेचं कौतुक मला सांगू नका. तीन-चार कंपन्या असतानाच एकीच्या पॅकमध्ये मला सहीच्या कार्डाचं कूपन निघालं. अडीच वर्षं थांबलो, आलं ते भलत्याच खेळाडूचं!

बर्फातली काकू:
कडांवरून आठवलं. माझं लेमियू या खेळाडूचं १९८५-८६चं ओ-पी-ची रुकी, म्हणजे त्याचं पहिलं कार्ड, ग्रेडिंगला (दहापैकी दर्जा ठरवायला) पाठवलं होतं. सात महिन्यांनी परत, ग्रेड ६! ओ-पी-चीवाले कार्डं तारेने कापायचे हो, कडा खडबडीत असणारच. त्याची शिक्षा मला?

गोठलेला सातारकर:
काकू, ग्रेटस्की या खेळाडूचं १९७९-८०चं कार्ड त्याच कंपनीचं, तसल्याच कडांचं. १० ग्रेड मिळालेलं २०२१ला साडेसदतीस लाख डॉलरला गेलं. दोष कडांचा नाही, तुमचा कोपरा मऊ पडला असेल.

बर्फातली काकू:
मऊ?? बिस्किटाच्या डब्यात, बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवलंय. ह्यांना हात लावू दिला नाही कधी!

पक्या_४१६:
बटर पेपर? काकू, तिथेच घात झाला. तेल सुटतं त्याला.

बर्फातली काकू:
कोरा होता तो! तुझ्या आईने शंकरपाळ्यांखाली घातलेला नव्हे.

मिसिसॉगाकर:
मंडळी, विषय कंपन्यांचा होता.

गोठलेला सातारकर:
राहू द्या तुमचा विषय. काकू, ते लेमियू विकायचंय का?

बर्फातली काकू:
तुम्हाला? ९ ग्रेडच्या भावात. कोपरा मऊ आहे ना, सोसेल तुम्हाला.