सल्ला हवा: मोठं होण्यावरचा पॉप-पंक अल्बम. रडका नको, प्रवचनही नको

मिरजेचा_अँप्लिफायर

मंडळी, एक पॉप-पंक (वेगवान, दणदणीत, तरी गुणगुणता येणारं रॉक) अल्बम सुचवा. सुटी गाणी नकोत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात ऐकावा असा अख्खा अल्बम हवा.

पार्श्वभूमी: वय २३. इंजिनिअरिंग संपलं, पुण्यातली खोली सोडली आणि चार महिन्यांपासून परत मिरजेत, घराच्या माळ्यावर. आमच्या गल्लीला लागूनच सतारमेकरांची दुकानं. दिवसभर कुणी भोपळा घासतंय, कुणी जवारी काढतंय, आणि त्यात इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसलेला मी एकटाच. ग्रुपमधला एक बंगळूरला, एक जर्मनीला, दोघांची लग्नं ठरली. मी अजून 'बघतोय, चालू आहे'वाला.

ग्रीन डेचा 'डूकी' आणि ब्लिंक-१८२ चा 'एनिमा ऑफ द स्टेट' तोंडपाठ आहेत. पण त्यांत 'आम्हाला मोठं व्हायचंच नाही' असा दंगा आहे. शाळेत असताना तो फिट बसायचा, आता बसत नाही. मोठं तर व्हावंच लागतंय. ते मान्य करून मान ताठ ठेवणारं काही आहे का? 'सगळं छान होईल' छाप नको, त्यासाठी नातेवाईक पुरेसे आहेत.

ता.क. खाली आई भाजी निवडत बसलेली असते, तेव्हा शिव्यांचं प्रमाणही सांगा.

ताशावाला

डोळे झाकून सांगतो: नेक डीपचा 'लाइफ्स नॉट आउट टू गेट यू', २०१५. आयुष्य काही तुझ्या मागे हात धुऊन लागलेलं नाही, हे नावातच सांगून टाकलंय. पोरं वेल्समधल्या रेक्सहॅमची, म्हणजे लंडन-बिंडन नाही, आपल्यासारखंच 'तिथे काय आहे?' विचारलं जाणारं गाव. 'कान्ट किक अप द रूट्स' तुझ्यासाठीच आहे. गावाला नावं ठेवता ठेवता गावावरच जीव आहे हे कबूल करणारं गाणं. 'गोल्ड स्टेप्स' लावून जिना चढून बघ.

मी पथकात ताशा वाजवतो, म्हणून माझं अर्धं लक्ष कायम ड्रम्सकडे. यातला डबल टाइम, म्हणजे दुप्पट वेगाचा ठेका ऐकला की हात शिवशिवतात. मध्ये 'डिसेंबर' येतं, नुसत्या गिटारवरचं. ते मी गाळतो. तुझं तू ठरव.

फिलीकाका

ताशावाल्याचा अल्बम चांगलाच आहे, पण तू जे मागतोयस त्याचं नेमकं नाव 'द अपसाइड्स'. बँड: द वंडर इयर्स. जानेवारी २०१० मध्ये आला. पोरं आमच्या शेजारच्या लान्सडेलची, फिलाडेल्फियाच्या वायव्येला, लोकल गाडीने जायचं गाव.

आता माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हे कसं ठाऊक? माझ्या गाडीत तोवर फक्त वसंतराव असायचे. मुलगी शाळेत होती, तिला सोडायला-आणायला जाताना तिने हा लावला. पहिल्यांदा मला एकच कळलं, की हा मुलगा गात नाहीये, भांडतोय. डॅन कॅम्बेल त्याचं नाव, सूपच्या डब्यावरचंच आडनाव असल्यामुळे सगळे त्याला 'सूपी' म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला शब्द कानात शिरायला लागले आणि मग मीच तिला विचारायला लागलो, अगं ते कारंज्याचं लाव.

पहिल्याच गाण्यात तो जाहीर करतो की मी आता दुःखी नाही, फक्त या जागेला कंटाळलोय. ही ओळ पुढेही अल्बममध्ये डोकावत राहते, बंदिशीचा मुखडा फिरून समेवर यावा तशी. पण दर वेळी ऐकताना वाटतं, की ज्याचं दुःख खरंच संपलंय तो इतक्यांदा सांगत बसेल का? तो आपल्याला सांगत नाहीये, स्वतःला पटवतोय. मला तो अल्बम आवडला तो तिथेच.

आता कारंजं. दुसरं गाणं 'लोगन सर्कल'. फिलाडेल्फियाच्या मधोमध हा चौक आहे आणि त्यात १९२४ सालचं स्वान मेमोरियल कारंजं. तीन मोठे पुतळे रेलून पडलेत, इथल्या तीन नद्यांचे: डेलावेअर, स्कूलकिल आणि विसाहिकन. हिवाळ्यात पाणी बंद. पाइप गोठून फुटतील ना. कित्येक महिने ते पुतळे कोरडे, वर बर्फ, आणि आपण कोटाची कॉलर वर करून बाजूने जायचं. मग एके दिवशी उन्हाळ्याच्या आधी पाणी सोडतात. गाण्यात घडतं ते एवढंच. कारंजं सुरू झालं आणि याच्या आत काहीतरी हललं. कुणी समजूत घातली नाही, नोकरी लागली नाही, पोरगी हो म्हणाली नाही. महानगरपालिकेच्या माणसाने नळ सोडला, बस.

मी १८ वर्षं त्या चौकावरून ऑफिसला जातोय. हे गाणं ऐकेपर्यंत मला ते कारंजं म्हणजे ट्रॅफिकचं एक वळण होतं.

बारा गाणी आहेत. त्याच वर्षी होपलेस रेकॉर्ड्सने जास्तीची गाणी घालून पुन्हा काढला, पण आधी मूळ बाराच ऐक. यांचा पहिला अल्बम २००७ चा आहे, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. पोरकट थट्टामस्करी आहे सगळी. शिव्या आहेत, तेव्हा हेडफोन.

खडूस_श्रोता

काका, लिहिता झकास, पण जरा थंड पाणी ओततो. ही सगळी अमेरिकन उपनगरातल्या पोरांची कुरकुर आहे. डोक्यावर छप्पर, दारात गाडी, आणि म्हणे कंटाळा आला. शिवाय आवाज नाकातला. रेकॉर्डिंग असं, की गिटारी सगळ्या एका बादलीत कोंबल्यासारख्या. आणि 'पॉझिटिव्ह राहा' हे शेवटी प्रवचनच की हो, फक्त डिस्टॉर्शन (गिटारची ती खरखर) लावलेलं.

मिरजकरांनी 'नको' म्हणून जे सांगितलंय तेच तुम्ही देताय.

फिलीकाका

नाकातल्या आवाजाचं मान्य. मुलगीही मान्य करते.

पण छप्पर आणि गाडीचं म्हणाल, तर ती कुणाची आहेत? आईवडिलांची. हा पोरगा कॉलेजच्या शेवटाला आलाय, एका गाण्याच्या नावातच सांगतो की माझा सगळा संसार या एका पाठपिशवीत मावतो, आणि बँडबरोबर व्हॅनमधून गावोगाव हिंडतोय. मित्र मार्गी लागतायत. मिरजेच्या माळ्यावर बसलेल्या पोराने वर नेमकं हेच लिहिलंय. मी स्वतः परळच्या चाळीतला. मला सबर्बबद्दल काडीचं प्रेम नव्हतं, अजून नाही, तरी ऐकतो.

आणि गंमत सांगू? या अल्बममध्ये गावाची टिंगल खच्चून भरलीय. 'फिलाडेल्फियात कायम ऊन असतं' अशा नावाची एक टीव्ही मालिका आहे, तर यांच्या गाण्याचं नाव 'साउथ फिलाडेल्फियात कधीच ऊन नसतं'. एका नावात कार्ल वेदर्स, 'रॉकी'मधला अपोलो क्रीड. एक गाणं 'मेलरोज डायनर'च्या नावाचं. १९३५ पासूनचं खाण्याचं ठिकाण होतं ते, रात्री-बेरात्री अंडी आणि कॉफी. २०२२ मध्ये आग लागली आणि पुढे इमारतच पाडली. आता ते गाणं ऐकलं की थोडं वेगळं वाटतं. पोरांना लिहिताना काय ठाऊक, की आपण पत्ता जपून ठेवतोय.

अनुजा_सातारकर

खडूस, तुमचा प्रवचनाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण त्याला उत्तर त्याच बँडने पुढच्या वर्षी दिलंय, म्हणून मी म्हणेन की हे दोन अल्बम जोडीनेच ऐकावेत.

झालं असं, की 'द अपसाइड्स' आल्यावर ऐकणारी पोरं सूपीला जणू गुरूच मानायला लागली. 'मी दुःखी नाही' ही घोषणाच झाली. २०११ चा अल्बम आला 'सबर्बिया आय हॅव गिव्हन यू ऑल अँड नाऊ आय अ‍ॅम नथिंग'. (नाव म्हणताना दम लागतो, माहीत आहे.) त्यात 'लोकल मॅन रुइन्स एव्हरीथिंग' नावाचं गाणं आहे. त्यात तो सरळ हात वर करतो: मी काही मार्गदर्शनपर पुस्तक नाही, मीच बिघडलेला आहे. आणि मग मुद्द्याचं बोलतो, की गोष्ट आनंद ओढूनताणून आणण्याची नाहीच, दुःखाला जिंकू न देण्याची आहे. या दोन्हींत फरक आहे. पहिल्यात रोज हसावं लागतं. दुसऱ्यात एखादा दिवस नुसतं हरलं नाही तरी चालतं.

अल्बमचं नाव अ‍ॅलन गिन्सबर्ग या अमेरिकन कवीच्या 'अमेरिका' कवितेच्या पहिल्या ओळीवरून घेतलंय. १९५६ ची कविता, अमेरिकेच्या जागी सबर्बिया, म्हणजे उपनगर, घातलं. हाच गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत होता. आपल्या लघुनियतकालिकवाल्यांशी, अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांच्याशी त्याची ओळख होती. म्हणजे खडूसराव, लान्सडेलच्या पोरांचे आणि आपल्या फोर्टातल्या कवींचे पाहुणे कुठेतरी एकच निघतात.

वाजवण्याच्या दृष्टीनेही 'सबर्बिया' वरचढ. तीन गिटार आहेत या बँडमध्ये आणि इथे त्या वेगवेगळ्या ऐकू येतात. बादलीवाली तक्रार मिटेल.

खडूस_श्रोता

कोलटकरांना मध्ये आणणं हे नियमबाह्य आहे.

'दुःखाला जिंकू न देणं' हे मात्र बरं आहे. ऐकतो.

दोन_पोरींची_आई

शिव्यांची चौकशी केलीत म्हणून लिहितेय. आमच्याकडे धाकटी ११ वर्षांची, त्यामुळे गाडीत काय लागतं यावर माझी सेन्सॉरशिप आहे. लॉस एंजेलिसच्या द लिंडा लिंडाज या चार मुलींचा 'ग्रोइंग अप' ऐका. २०२२ चा आहे. त्यांचा २०२१ मध्ये तिथल्या वाचनालयातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ गाजला होता, ड्रम्स वाजवणारी मिला तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. तिची मोठी बहीण लुसिया गिटारवर, आणि निर्माता त्या दोघींचे बाबाच, कार्लोस दे ला गार्झा. मोठं होण्यावर बहुतेक मोठी माणसंच मागे वळून गातात. या मुली ते चालू असताना गातायत, त्यामुळे गळा काढणं नाही. शब्द साधे. तुम्हाला २३ व्या वर्षी थोडा लहान वाटेल, पण भाजी निवडता निवडता आईंनाही चालेल.

ताशावाला

अरे डिसेंडंट्स कसे विसरलो! 'मायलो गोज टू कॉलेज', १९८२. गायक मायलो खरंच कॉलेजला चालला होता म्हणून हे नाव. पुढे बायोकेमिस्ट झाला, पीएचडी वगैरे, वर्षानुवर्षं संशोधनाची नोकरी केली आणि मधून मधून येऊन पंक गायला. घरी कुणी म्हणालं 'या गाण्यांनी पोरं वाया जातात', तर हा दाखला फेकायचा. मी काकांसमोर फेकलाय, चालतो.

अल्बममधले काही शब्द मात्र आज ऐकताना खटकतात, हे आधीच सांगतो. आणि सल्ला म्हणून नाही, नेक डीपच्या आधी काय होतं ते कळावं म्हणून.

मिरजेचा_अँप्लिफायर

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

काल रात्री लाइट गेले, माळ्यावर उकडत होतं. गच्चीत जाऊन 'द अपसाइड्स' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पहिली चार गाणी खडूस यांच्याशी सहमत होतो. फार घाईत आहे हा माणूस. मग शेवटून दुसरं, 'वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क' आलं. रात्रीची घालमेल, एकट्याने टीव्हीच्या उजेडात बाहेरून आणलेलं खाणं, आणि त्यातही चांगली बाजू शोधणं. अल्बमचं नाव तिथून आलंय हे तेव्हा लक्षात आलं. पुण्याच्या खोलीत शेवटचे दोन महिने मी हेच करत होतो, फक्त टीव्ही नव्हता, लॅपटॉप होता. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटच्या गाण्यात सगळे मित्र मिळून ओरडतात, तिथे गच्चीवर मी पण ओरडलो. शेजारच्या जिन्यातून 'कोण रे ते?' आलं.

आज 'सबर्बिया' सुरू केलाय. 'लोकल मॅन'ची रिफ (गिटारचा फिरून येणारा तुकडा) बसवतोय, पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून वाजवणं) घाईत नीट बसत नाही. लिंडा लिंडाज आईला ऐकवला. म्हणाली, मुली गोड आहेत, तालाला पक्क्या आहेत. खालच्या दुकानातल्या चाचांनी विचारलं, दिवसभर एकच तार का छेडतोस. त्यांना पॉवर कॉर्ड समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी गिटार हातात घेतली, सूर लावून दिला आणि म्हणाले, आता वाजव काय वाजवायचं ते.

काका, एक विचारू? ते कारंजं सध्या चालू आहे का?

फिलीकाका

परवापर्यंत कोरडंच होतं. कडेला पालापाचोळा आणि कुणाचा तरी एक हातमोजा. उद्या ऑफिसला जाताना बघून सांगतो.

पुढचे अल्बम लगेच ऐकू नकोस. 'द ग्रेटेस्ट जनरेशन' २०१३ चा आहे, त्यात तो २६ चा झालाय आणि बरोबरीच्यांची पोरंबाळं मोजतोय. तो तीन वर्षांनी लाव. २०२२ च्या अल्बममध्ये तर तो स्वतः बाप झालाय, त्याला अजून बराच वेळ आहे.

फिलीकाका

सुरू नाही झालं अजून. पण वर्दी घातलेले दोघे झाकण उघडून खाली वाकून बघत होते.