शब्दचर्चा : ‘मात्रा चालत नाही’ यातली मात्रा कोणती?

शब्दवेडी
‘तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. ही मात्रा काना-मात्रेतली, छंदातली की वैद्याची? कोशात ‘परिमाण’ हा अर्थ आहे, पण परिमाण ‘चालेल’ कसं?

खलबत्ता
वैद्याचीच, पण चरकाच्या नव्हे. चरकसंहितेत मात्रा म्हणजे प्रमाण, आणि तेही आधी अन्नाचं. सूत्रस्थानाचा पाचवा अध्याय ‘मात्राशी स्यात्’ असा सुरू होतो. बेतानं खावं, आणि बेत किती ते ज्याच्या त्याच्या जठराग्नीनं ठरवावं. ही मात्रा काही डबीत ठेवता येत नाही. मराठीत मात्र ‘हेमगर्भाची मात्रा’ (सोनं-पाऱ्याचं जुनं औषध) ही हातात धरण्याजोगी, सहाणेवर उगाळण्याजोगी वस्तू आहे. प्रमाणाचं नाव वस्तूला चिकटलं ते रसशास्त्रामुळे, म्हणजे पारा आणि धातूंची औषधं मध्ययुगात मुख्य प्रवाहात आल्यावर.

शब्दवेडी
पण तसं का व्हावं? काढ्याला कुणी ‘मात्रा’ म्हणत नाही.

खलबत्ता
काढा किती होतो ते मोजून पाहा. शार्ङ्गधरसंहिता या मध्ययुगीन वैद्यकग्रंथातलं माप असं: 1 पल भरड औषध, त्यात सोळापट पाणी, मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटवून आठवा हिस्सा उरवायचा. 6 गुंजांचा मासा, 16 माशांचा कर्ष, 4 कर्षांचा पल. गुंज सुमारे 125 मिलिग्रॅमची धरली तर पल 48 ग्रॅमचा. म्हणजे साधारण 770 मिलि पाणी आटून 96 मिलि उरतं. वाटीभर कडू पाणी! रसौषध, म्हणजे पाऱ्याचं औषध, मात्र गुंज-दोन गुंजांवर भागतं. रसग्रंथांतला श्लोकच आहे: ‘अल्पमात्रोपयोगित्वादरुचेरप्रसङ्गतः’. थोडक्या मात्रेत काम होतं, तोंडाची चव जात नाही, गुणही लवकर येतो, म्हणून इतर औषधांपेक्षा रस सरस. इतकं थोडं औषध म्हणजे जणू नुसतं ‘प्रमाण’च. म्हणून त्याचंच नाव मात्रा पडलं, असं मला वाटतं.

मोडीवाचक
दोन पुरवण्या. एक, चरकाकडे धातू नव्हते असा समज नको. चरकसंहितेतल्याच रसायनपादात लोखंडाचे चार अंगुळं लांब आणि तिळाइतके पातळ पत्रे लालबुंद तापवून त्रिफळ्याचा काढा, गोमूत्र, क्षारोदक (क्षाराचं पाणी) अशा द्रवांत विझवायला सांगितलेत. काजळासारखे काळे झाले की त्यांचं चूर्ण करायचं. फरक इतकाच की तिथे धातू हा अपवाद, रसग्रंथांत तोच पाया.

दोन, ‘काढा’चा ‘काढणे’शी संबंध नाही. अर्क काढतात म्हणून काढा, ही व्युत्पत्ती गोड आहे पण चुकीची. संस्कृत क्वथ्, प्राकृत कढ. त्यातूनच कढी, कढत पाणी, तूप कढवणं. ‘काढणे’ प्राकृत कड्ढ वरून आलं, त्याचं घराणं वेगळं.

खलबत्ता
व्युत्पत्तीशी सहमत. शार्ङ्गधराच्या काढ्याच्या श्लोकातल्या ‘क्षुण्ण’ शब्दाकडेही बघा. त्याचा अर्थ कुटलेलं, भरड. ‘अक्षुण्ण’ आपण वापरतो, मूळ शब्द मात्र विसरलो. काढा बिघडतो तो इथेच. वस्त्रगाळ पूड टाकली तर रबडी होऊन तळाला लागते आणि गाळताना फडकं तुंबतं. आच मोठी ठेवली तर सत्त्व उतरायच्या आत पाणी आटतं, हिशेब ‘अष्टमांश’ भरतो आणि औषध कच्चं राहतं. झाकणही ठेवायचं नाही. झाकून आटवलेलं पाणी पचायला जड होतं, असं परंपरा सांगते. आठवा हिस्सा डोळ्यांनी ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. आधी अष्टमांश पाणी ओतून काडी उभी धरावी, ओल येईल तिथे खूण करावी, मग उरलेलं पाणी घालावं.

शब्दवेडी
छान. पण मग हेमगर्भ उगाळायचीच का? चूर्ण का नाही?

खलबत्ता
कारण ती पोट्टली आहे. पारा, गंधक आणि सोनं खलात घोटून काजळी, म्हणजे काजळासारखी काळी पूड करतात, तिचा शिखरासारखा गोळा वळून रेशमी कापडात बांधतात आणि वितळलेल्या गंधकात टांगून शिजवतात. निघते ती दगडासारखी टणक. आल्याच्या रसात किंवा मधात सहाणेवर उगाळायची. माप वजनानं नाही, वेढ्यांनी, म्हणजे सहाणेवर किती वेळा गोल फिरवली त्यावरून. बाळगुटीत मुरुडशेंगेचा ‘एक वेढा, दोन वेढे’ म्हणतात, तोच हिशेब. यातली गोम अशी की खरबरीत सहाणेवर दोन वेढ्यांत जितकं उतरतं तितकं गुळगुळीत सहाणेवर चारांतही उतरत नाही, आणि हाताचा दाब वेगळाच. म्हणून सहाण बदलली की वेढेही बदलायचे. (पाऱ्याचं काम आहे, घरच्या प्रयोगाला नाही.)

मोडीवाचक
आता मूळ वाक्प्रचार. मी दोन वापर वेगळे धरेन. ‘मात्रा लागू पडणे’ निखळ औषधी आहे, उपाय नेमका बसला. ‘मात्रा चालणे’ला ‘मंत्र चालणे’चा शेजार लागला असावा. त्यात अधिकाराचा, वरचढपणाचा वास आहे. म्हणून ‘खोकल्यावर मात्रा चालली नाही’ कानाला खटकतं आणि ‘सासूबाईंपुढे मात्रा चालली नाही’ खटकत नाही.

शब्दवेडी
पटलं. ‘हेमगर्भाची मात्रा’ लाक्षणिक अर्थानं मात्र दोन्हींपेक्षा वेगळी दिसते. बुडत्या कारखान्याला दिलेलं कर्ज, शेवटच्या घटकेचा उपाय.

खलबत्ता
कारण ती द्यायचेच तेव्हा, वाचा बसल्यावर. ‘चिमूटभर मात्रा’ म्हणून भलत्याच ठिकाणी वापरू नये.

मोडीवाचक
आणि कोविडच्या बातम्यांत ‘लसीची दुसरी मात्रा’, ‘वर्धक मात्रा’ आली, ती रसशाळेतली नव्हे. तिथे मात्रा पुन्हा नुसतं प्रमाण आहे, चरकाचं.