'व्हिज्युअल लर्नर' म्हणजे नेमकं कोण?

एखादी मुलगी 'व्हिज्युअल लर्नर' आहे, म्हणजे बघून जास्त चांगलं शिकते, म्हणून तिला मजकूर कमी आणि चित्रं जास्त द्यावीत, असं पालकांना सुचवलं जातं. मला ते मनापासून खटकतं, कारण त्यात तिचं वाचन मागे पडेल. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं. मुलाची शिकण्याची शैली ओळखून त्याप्रमाणे शिकवलं तर जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड खरी असते, पण आवड म्हणजे क्षमता नव्हे.

शिवाय 'व्हिज्युअल' हा एकच गट नाही. मेरी हेगार्टी आणि मारिया कोझेव्हनिकोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी 1999 च्या अभ्यासात शाळकरी मुलांना शाब्दिक गणितं दिली. त्यातलं एक असं: 15 मीटरच्या सरळ वाटेच्या दोन्ही टोकांना आणि मधे दर 5 मीटरवर झाड लावलं, तर झाडं किती? अशा गणितात कुणाच्या डोळ्यांसमोर झाडं आणि ती लावणारा माणूस येतो, तर कुणी नुसती रेघ कल्पून तिच्यावर खुणा करतं. आकृती कल्पणाऱ्यांना गणितं जास्त जमली, हुबेहूब चित्र पाहणाऱ्यांना उलट कमी. (उत्तर 4. घाईत 3 म्हणणारे मोठेही असतात.)

म्हणून धडा वाचताना "काय दिसतंय?" एवढ्यावर थांबू नका. कशाशेजारी काय आहे, कशामुळे काय हलतं, हे तिलाच कागदावर काढू द्या. काहींना मनात चित्रच दिसत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये त्याला 'अफँटेजिया' नाव दिलं. अशा मुलांना नुसतं "कल्पना कर" म्हणण्यापेक्षा आकृती समोर कागदावर असलेली बरी.