मदत बंद झाली म्हणून पेढे वाटणाऱ्यांसाठी

नैरोबीकर: कालच्या पोस्टखालीच लिहिणार होतो, पण फार लांबलं. म्हणे जुलै २०२५ ला यूएसएडला, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी मदतीच्या सरकारी संस्थेला, कुलूप लागलं, सुंठीवाचून खोकला गेला, आफ्रिका आता खरी स्वतंत्र. अहो, कारभार तिथल्या लोकांच्या हातात द्या अशी मागणी होती, दवाखाने बंद करा अशी नव्हती! २००३ पासून पेपफार या अमेरिकेच्या एचआयव्ही कार्यक्रमाच्या पैशावर ज्यांच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत त्यांना जाऊन सांगा हे स्वातंत्र्य.

चार्वाक७: म्हणजे गोरा साहेब हवाच तर. २०१९ ला कॉमिक रिलीफ या ब्रिटिश धर्मादाय संस्थेची टीव्हीवाली बाई युगांडातलं पोर कडेवर घेऊन फोटो टाकते, डेव्हिड लॅमी हा कृष्णवर्णीय ब्रिटिश खासदार त्यावर बोलला तर लोक त्याच्यावरच तुटून पडले. २०२० ला संस्थेला सेलिब्रिटी पाठवणं बंद करावंच लागलं ना?

नैरोबीकर: फोटोचं सोडा हो, पगाराचं बोला. आमच्याकडे क्लिनिक उभं केलेली केनियन डॉक्टर 'नॅशनल स्टाफ', आणि लंडनहून आलेला, स्वाहिलीत पाणीसुद्धा मागता न येणारा पोरगा तिचा साहेब. त्याला बंगला, वॉचमन, लँडक्रूझर, ती मटाटूने, म्हणजे तिकडच्या वडापने, यायची. डोनरचा रिपोर्ट रात्री जागून तिने लिहायचा, सही याची.

मिरचीभजी: तुम्ही कुठल्या ग्रेडवर होतात?

नैरोबीकर: इंटरनॅशनल. घरभाडं वेगळं. पुढे?

मिरचीभजी: पुढे हे, की मी मोंबासात वाढलेय. आपल्याच देशी घरांत पन्नाशीच्या माणसाला 'बॉय' अशी हाक आणि त्याचा कप वेगळा, मागच्या खिडकीत पालथा घातलेला. गोऱ्यांच्या नावाने खडे फोडताना हेही येऊ द्या.

विसूभाऊ: घसरली गाडी! आपल्या लोकांनी तिकडे रेल्वे बांधली, दुकानं चालवली, १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा अमीनने ९० दिवसांत हाकललं. साडूच्या वडिलांचं कंपालातलं दुकान असंच गेलं. त्यावर कोण बोलणार?

मिरचीभजी: अमीन नालायकच होता. म्हणून कप वेगळा ठेवायचा? आणि पुण्यात काय वेगळं? टांझानियन मैत्रिणीसाठी फ्लॅट बघायला गेलो, फोनवर 'या या', दारात 'कालच गेला'.

विसूभाऊ: घर कुणाला द्यावं हा मालकाचा प्रश्न. बॅचलर मराठी पोरांनाही देत नाहीत.

मिरचीभजी: ती बॅचलर आहे हे फोनवरच सांगितलं होतं काका, तेव्हा फ्लॅट रिकामा होता.

चार्वाक७: मूळ मुद्द्यावर या जरा. गोळ्या थांबू नयेत, बरं, मान्य.

नैरोबीकर: उपकार झाले! आता पैशाचं ऐका. यूएसएडनेच २०२१ ला जाहीर केलं होतं, २०२५ पर्यंत २५ टक्के निधी थेट स्थानिक संस्थांना देऊ. गाडी अडकली दहा-बारा टक्क्यांवर. स्थानिकांना द्या म्हटलं की लगेच ऑडिटचं कारण, आणि मधले कंत्राटदार वॉशिंग्टनचेच.

चार्वाक७: मग मी वेगळं काय म्हणत होतो?

विसूभाऊ: साडूच्या दुकानाचं अजून कुणी काही बोललेलं नाही.